पिवळं ग्रीस

अद्वय, टॉर्च बंद कर. क्षिप्रा, तूही जवळ सरक. लाइट येईपर्यंत सांगतो. यातलं मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, कानांनी थोडं ऐकलं, आणि त्याचीही आता खात्री देववत नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर कुंडलिकचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. गेल्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला, मंगळवारी, रात्री पावणेनऊला त्याला फक्त शटर ओढून दूध घेऊन घरी जायचं होतं. तेवढ्यात एक हेल्मेटवाला बाइक ढकलत आला.

"अरे, ढकलत कुठून? पेट्रोल संपलं की बायकोने चावी काढून घेतली?"

"पुढचं चाक सुटत नाही दादा. खडवलीला जायचंय. पोरगी जागी बसलीय."

कुंडलिकने डिस्क ब्रेक खोलला. आतली रबराची रिंग फुगून पिस्टनला आवळून बसली होती. त्याने नवी रिंग टाकली, रबराला चालणारं लाल ग्रीस लावलं. चाक हललं नाही. पुन्हा खोललं. नवी रिंगही फुगलेली.

तिसरी. चौथी.

"होईल ना दादा?"

तेव्हा त्याने नंबर प्लेट पाहिली.

जुलैत हीच बाइक त्याने दुरुस्त केली होती. सूरजची, कुरिअरवाल्याची. त्या दिवशी लाल ग्रीस संपलं होतं, म्हणून त्याने मला फोन केला, "सर, रबराला बेअरिंगचं पिवळं ग्रीस चालेल का?" मी जन्मभर रबराचं रसायनशास्त्र शिकवलं. कोणतं रबर, एवढं तरी विचारायला हवं होतं. मी जेवत होतो. "थोडंसं लाव," म्हणालो... निदान मला तसं आठवतं. रबर तेल पितं, फुगतं. बाराव्या दिवशी खडवलीच्या रस्त्यावर धावत्या गाडीचं पुढचं चाक जाम झालं. सूरजच्या मयतीला कुंडलिक गेला होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"सर... पिवळं कशाने निघतं?"

"निघत नाही रे. एकदा रबरात मुरलं की..."

"असं नका म्हणू. तो उभा आहे."

"कोण?"

मागून दुसराच आवाज आला. तरुण. अगदी शांत.

"सरांना विचारा, मग मी घरी कसा जाऊ?"

"आजोबा, तुम्ही काय म्हणालात?"

क्षिप्रा, फोन मीच ठेवला.

कुंडलिकने गॅरेज सोडलं, गावी गेला. जाण्याआधी त्याची बायको रंगूबाई त्या रात्रीची एक रिंग देऊन गेली. "सर, हिचं तुम्हीच बघा." मी ती धुतली, पुसली, कोरड्या बरणीत ठेवली. तेलाचा थेंब नाही. दर रविवारी वजन करतो, दर वेळी थोडं जास्तच भरतं. माझा काटा जुना आहे, चुकत असेल. मीही चुकत असेन.

पण काल रात्री ती फुगून चारही बाजूंनी काचेला टेकली.