पासिंगच्या आदल्या दिवशी

पेणच्या रामवाडीतल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर एकच उरला होता, आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक नमिताचा. दुसरा कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेला.

"मी आधी मागितलाय," नमिता म्हणाली.

"मागितला तुम्ही. धरला मी."

हा माणूस भांडायला बरा आहे, अशी नोंद नमिताने मनात तिथेच करून टाकली. रोह्याहून धाटावच्या कंपन्यांत व्हॅनने शिफ्टची माणसं ने-आण करताना तिने दोन वर्षांत व्हॅनभर पुरुष पारखले होते. कुरकुरणारे पुष्कळ, फुशारक्या मारणारे त्याहून जास्त. वाद घालताना डोळ्यांनी हसणारा एकही नव्हता.

"कशाला हवाय तुम्हाला?" तिने विचारलं.

"गणपतीच्या गालाला. तुम्हाला?"

"हेडलाईटला."

त्याने बाहेर उभी व्हॅन पाहिली. दोन्ही हेडलाईट कावीळ झाल्यासारखे पिवळे, धुरकट. नमिताने एका दमात सगळं सांगून टाकलं. उद्या सकाळी इथल्या आरटीओत गाडीचं पासिंग. एजंटने बजावलेलं, असले लाईट घेऊन येऊ नका. गाडी पास झाली नाही तर बाबा ती खांब गावच्या हैबतरावांना विकून टाकणार, आणि तिने घरी बसून स्थळं बघायची.

"मग कागद तुमचा," तो म्हणाला. "पण घासायला माझ्याकडे या. मागेच कारखाना हाय आमचा. बारा महिने तेच तर करतो."

त्याचं नाव प्रणित. कारखाना त्याच्या काशीआत्याचा. तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा, त्यामुळे हाताबद्दल त्याला थोडी घमेंडही होती. कारखान्यात शाडूचे गणपती रांगेने वाळत बसले होते. नमिताने हेडलाईटभोवती चिकटपट्टी लावली, रंगाला ओरखडा नको म्हणून, आणि बादली भरायला नळावर गेली.

बादली घेऊन परत येते तर... डाव्या हेडलाईटवर मांजराने ओरबाडल्यासारखे चरे.

"कोरडा घासलात?"

"कोरडाच घासतात," प्रणित म्हणाला. पण आवाज आधीच खाली आला होता. "शाडूला पाणी लागलं तर गाल गळतो."

"हे प्लास्टिक आहे. याला पाणीच लागतं. आणि कागद कुठला घेतलात?"

त्याने हातातला कागद उलटा करून दाखवला. दोनशे वीस नंबर. मूर्तीचा सांधा घासायचा, जाडाभरडा.

काशीआत्या कुंचला हातात धरून दारात आली. "अरे, लग्नाची पोर दारात आली नि तिच्या गाडीचं डोळं फोडलंस व्हय?"

"लग्नाची नाय आत्या, पासिंगची," नमिता म्हणाली.

"तेच गो. दोन्हीकडं तपासूनच घेतात."

रागवायला वेळ नव्हता. नमिताने हिशेब मांडला: चरे घालवायला चारशेपासून सुरुवात, मग आठशे, पंधराशे, शेवटी दोन हजार. "डावा तुम्ही बिघडवलात, तो तुमचा. उजवा माझा. कागद बुडवत राहायचं, आणि मी सांगेन तेव्हाच नंबर बदलायचा."

तो डाव्या हेडलाईटसमोर बसला. आणि मग तिने त्याचा हात पाहिला. दाब कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही... तिचा उजवा अर्धा व्हायच्या आत त्याच्या डाव्यावरचे चरे पुसट झाले. हे तिने त्याला सांगितलं नाही. सगळं लगेच सांगून टाकलं की माणसं शेफारतात.

दुपारपर्यंत दोन्ही हेडलाईट दुधासारखे पांढरे झाले. प्रणितचा हात थांबला.

"हे तर आंधळंच झालं."

"असंच होतं. घासा."

"आणि नाय उजळलं तर?"

"गाडी माझी जाणार. घाबरायचं मी. तुम्हाला कशाची भीती?"

त्याने कागद बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. "गाडी खांबला गेली, तर तुम्ही परत पेणला कशाला याल...?"

तिच्या बोटांतून पाणी ठिबकत राहिलं. "पंधराशे संपला," ती म्हणाली. "दोन हजार घ्या." एकच कागद होता, तिने मधोमध फाडून अर्धा त्याला दिला, आणि देताना सोडायला उगाच थोडा उशीर केला.

पॉलिश लावून कापडाने चोळल्यावर धुकं विरलं. बल्बमागची चांदीसारखी वाटी लखलखली. वरून पारदर्शक कोटिंग मारायचं राहिलं होतं, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा कावीळ. पण ते ओलं असताना त्यावर शाडूची भुकटी बसली असती. तेव्हा प्रणितने तासभर सगळा कारखाना थांबवला. एकही मूर्ती घासू दिली नाही.

"बाप्पा, बघून ठेव," आत्या पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. तिथून रोह्याला सरळ निघता आलं असतं. व्हॅन रामवाडीत कारखान्यासमोर थांबली.

"झालं?" प्रणितने विचारलं.

"झालं. आता काम नाही माझं पेणला."

"माझं हाय रोह्यात," तो म्हणाला. "तुझ्या बाबांशी..."

तो 'तुझ्या' तिने ऐकला, आणि जमेस धरला.

"बाबांशी नंतर. आधी कोणाला विचारायचं असतं?"

"तुला. विचारतोय." त्याचे कान लाल झाले होते. "मला तू आवडतेस, नमिता."

"एका दिवसात?"

"मूर्तीचा डोळा एका फटक्यातच काढतात. फटका मारायच्या आधी मात्र खूप वेळ बघतात. काल दिवसभर बघतच होतो."

नमिताला हसू आवरलं नाही. तिने ते आवरायचा फारसा प्रयत्नही केला नाही. "बाबा एकपर्यंत जेवायला घरी येतात. आत्ता निघालो तर गाठ पडेल."

"आत्ता...?" त्याने हात पँटला पुसले. दोन पावलं टाकून थांबला. "एक आधीच सांगतो. मला गाडी चालवता येत नाय. तुझे बाबा विचारतील."

"विचारू देत." तिने आतून हात लांबवून डावीकडचं दार उघडलं. "दोघांत एकाला येते ना? बस."