बेबी सबनीस

वीर, वरचा दिवा घालव. कोपऱ्यातला राहू दे. सान्वी, तू दाराला पाठ करून बसू नकोस, इकडे सरक. काही नाही गं, वारा येतो तिथून.

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो. पण हे कुणाकडून तरी कानावर आलेलं नाही. अनुप सबनीसला मी चांगला ओळखतो. सान्वी, तू बसलीयेस त्याच सोफ्यावर बसून त्यानं मला हे सांगितलं आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शिवाय ते काम त्याला मीच मिळवून दिलं होतं. त्यामुळे थोडा दोष माझ्याकडेही येतो, आणि तो मी झटकत नाही.

काम साधंच होतं. अनुप साउथहॅम्प्टनला राहतो, जुने कागद दुरुस्त करतो. नकाशे, पत्रं, चित्रं. कशाला कसर लागली, बुरशी आली, की लोक त्याच्याकडे नेतात. इथं मेडनहेडला आमच्या मागच्या रस्त्यावर मिसेस विंटल राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे आजोबांनी जपानहून आणलेलं एक चित्र होतं. मी म्हटलं, आमच्यातला एक मुलगा आहे, हात फार हलका आहे त्याचा, दाखवा त्याला. शनिवार होता, सव्वीस ऑक्टोबर, दोन हजार चोवीस. दुपारी अनुप गाडी घेऊन आला. घरी वैभवी, म्हणजे त्याची बायको, आणि तेवीस दिवसांचा मुलगा.

त्या मुलाला नाव नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण अनुपची बहीण सुप्रभा नागपूरला आणि तिचा व्हिसा अडकलेला. नाव आत्यानंच ठेवायचं, तिनंच पहिल्यांदा कानात कुर्र करून सांगायचं, हे सबनीसांकडे इतकं पक्कं की वैभवीनंही मध्ये तोंड घातलं नाही. सुप्रभानं नाव ठरवलं होतं, पण ती कुणाला सांगायला तयार नव्हती. इथं नोंद करायला बेचाळीस दिवस असतात, म्हणून सगळे निवांत. हॉस्पिटलच्या पट्टीवर नुसतं 'बेबी सबनीस'. घरात बाळ, बाळ्या, सोन्या, जो येईल तो काहीतरी म्हणायचा.

"पण काका, नाव नसला तर काय होतो?" वीर म्हणाला. "इट्स जस्ट पेपरवर्क."

तेच सांगतोय रे.

मिसेस विंटलनी चित्र टेबलावर उघडलं. लाकडी ठशाचं, हातभर उंचीचं. फिकट निळ्या किमोनोत एक बाई बसलेली. पण ती बाई नव्हती. आपल्याकडे संगीत नाटकात पुरुष लुगडं नेसून नायिका करायचे ना, तसा हा काबुकी नावाच्या जपानी नाटकातला नट, दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. फरक एवढाच की हा घरीसुद्धा बाईसारखाच राहायचा, बोलायचा, जेवायचा. चालीत खोट यायला नको म्हणून. त्याचं नाव विंटलबाईंनी सांगितलं होतं, पण मी ते घेणार नाही.

मिसेस विंटलना त्याची सगळी कारकीर्द पाठ होती. नटांचे केसांचे टोप करणाऱ्याच्या घरात जन्म. सातव्या वर्षी एका मोठ्या नटानं त्याला दत्तक घेतलं. त्या लोकांत नाव चढत जातं. लहानपणी एक, वयात आला की दुसरं, आणि लायक ठरला तर गुरूचं स्वतःचं. याला एकतिसाव्या वर्षी गुरूचं नाव मिळालं, त्या नावाचा तो पाचवा. मग दहा वर्षं राज्य केलं त्यानं. टाकलेल्या बायका, वेश्या, सूड घेणाऱ्या हडळी, काय काय केलं. त्याच्या बाह्यांचा रंग बघून शहरातल्या बायका कापड घ्यायच्या. आणि मग सरकारची खप्पामर्जी झाली. नाट्यगृहं गावाबाहेर हलवली, नटांनी रस्त्यात तोंड झाकून चालायचं असा हुकूम निघाला, आणि यानं रंगमंचावर अस्सल रेशीम नेसलं म्हणून याला हद्दपार केलं. देवळांच्या आवारात, मासळीबाजाराच्या मागे, मिळेल तिथं तो खेळ करत फिरला. एक मुलगा तयार केला होता, सहावा व्हायला. तो नाव मिळण्याच्या दोन दिवस आधी तापानं गेला.

ते नाव द्यायची रीतही बाईंनी सांगितली. आधी लाकडाचे दोन ठोकळे वाजवतात. मग नट गुडघ्यांवर बसतो, तळवे जमिनीला, मान खाली, आणि नाव जाहीर करतो. बघायला माणूस हवंच, त्याशिवाय नाव लागत नाही. आणि एकदा लागलं की मूल त्या घराचं. जन्म देणाऱ्यांचा हक्क संपला. त्या मुलानंतर सहा वर्षं हा नट नाव घ्यायला कुणी मिळतं का बघत फिरला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका धर्मशाळेत मेला. गाजलेला नट मेला की तिकडे त्याचं असं निळ्या कपड्यांतलं चित्र छापून विकायचे. हे ते.

चित्रात त्याचा एक हात बाजूला होता, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. ज्याचं धरलं होतं तेवढा कागद कसरीनं खाल्लेला. अनुप म्हणाला, इथं कोराच कागद जोडतो. बाई हो म्हणाल्या. मग चहा झाला, घरची चौकशी झाली, आणि त्यांनी विचारलं, मुलाचं नाव काय ठेवलंत?

अनुप हसून म्हणाला, अजून नाव नाहीये त्याला. कुणी ठेवलंच नाही.

चित्र समोर उघडं होतं. बाईंनी एकदम चित्राचं फोल्डर मिटलं, म्हणे. मग ते दुरुस्तीसाठी त्याच्या हाती दिलं. पण आपण कुणासमोर काय बोललो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्यापैकी कुणाच्या असतं? बारसं पुढं ढकललं, हे आपण दुकानातसुद्धा सांगतो.

तो घरी पोचला तेव्हा सहा वाजले होते. वैभवी तापानं फणफणलेली. सिझेरियनच्या टाक्यांत पू झाला होता. तिला ॲडमिट केलं, त्या वॉर्डात बाळ ठेवता येत नव्हतं. रात्री दहाला अनुप बाळाला घेऊन एकटा घरी आला. बायको सलाइनवर, मांडीवर एवढंसं पोर, घरात दुसरं माणूस नाही. मला म्हणाला, नंदूकाका, मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. मग बाटल्या धुतल्या.

ती घड्याळं मागे जाण्याची रात्र होती. ठाऊक आहे ना, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन वाजले की पुन्हा एक वाजतो. एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा येतो.

बाळ वरच्या खोलीत, कॉटमध्ये. अनुप खाली, हातात बेबी मॉनिटर, तो कॅमेऱ्याचा, बटण दाबलं की इकडून बोलता येतं तसला. एक वाजून दहा मिनिटांनी मॉनिटरमधून आवाज आला.

टक्.

मग थांबून... टक्. टक्. मग भराभर.

तो तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला. कुणी नव्हतं. बाळ झोपलेलं. खिडकी बंद. हीटिंगचा पाइप असेल म्हणाला. तरी तिथंच बसून राहिला, पाऊण तास. मग बाळ चुळबुळ करायला लागलं, दुधाची वेळ झाली. तो खाली आला. पाणी गरम करायला ठेवलं. फोनवर पाहिलं.

एक वाजला होता. परत.

...टक्.

त्यानं मॉनिटरकडे पाहिलं.

कॉटपाशी कुणीतरी बसलं होतं. गुडघ्यांवर. फिकट निळं. तळवे जमिनीला टेकलेले. मान खाली. त्याच्या एवढ्याशा पोराला... वाकून.

आणि बोलत होतं. हळू, बाईसारखा आवाज, पण खालून कुठून तरी जाड. शब्द कळत नव्हते. काय चाललंय ते कळत होतं.

बघायला माणूस हवं, असं बाई म्हणाल्या होत्या. अनुप बघत होता.

त्यानं मॉनिटर उलटा केला आणि तो तसाच हातात घेऊन धावला. दार उघडेना. कुलूप नाही, कडी नाही. आतून कुणी पाठ लावून बसावं तसं. खांदा मारला, लाथा मारल्या. तो ओरडत होता, माझा आहे तो, माझा मुलगा आहे. आतला आवाज चढला नाही की थांबला नाही. आणि अनुपला समजलं की ओरडून उपयोग नाही, कारण माझा म्हणजे कोण? त्याला हाक मारायला त्याच्याकडे शब्दच नव्हता.

त्यानं नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळचे पावणेसात. सुप्रभानं उचलला.

"ताई, नाव सांग त्याचं. आत्ता. कुर्र कर."

"अरे, असं फोनवर? वेडा आहेस का? मी येतेय ना—"

"ताई, पाया पडतो तुझ्या. तो घेऊन चाललाय."

कोण, काय, तिनं विचारलं नाही. बहीण आहे. अनुपनं मॉनिटरचं बोलायचं बटण दाबलं आणि फोन त्याला चिकटवला. तिकडून आवाज थरथरत आला. कुर्रर्र... समर. समर. समर.

आता ऐका. त्या मॉनिटरचं एक आहे. बटण दाबलेलं असलं की आपला आवाज तिकडे जातो, तिकडचा आपल्याला येत नाही. तेवढे सात-आठ सेकंद... आत काय बोललं गेलं, कुणाचं आधी संपलं... त्याला माहीत नाही.

त्यानं बटण सोडलं.

काही नाही.

दार ढकललं. उघडलं.

खोली रिकामी. बाळ जागं. रडत नव्हतं. मॉनिटरचा कॅमेरा, ज्यातून सुप्रभाचा आवाज आला तो, कॉटच्या उजव्या बाजूला होता, आणि बाळाची मान तिकडेच वळलेली. डावा कान वर. तेवीस-चोवीस दिवसांचं पोर, मान स्थिर. कुणी सांगत असताना ऐकावं तसं.

अनुपनं त्याला उचललं आणि उजाडेपर्यंत त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन एकच नाव घेत बसला. सकाळी बाळाला गाडीत घालून आला आणि चित्र माझ्याकडे टाकलं, फोल्डर न उघडता. मी ते परत नेऊन दिलं. वैभवी पाच दिवसांनी घरी आली. तिला त्यानं यातलं काही सांगितलेलं नाही.

"म्हणजे वाचला," सान्वी म्हणाली. "सुप्रभाआत्याचं नाव पोचलं ना? सगळे समरच म्हणतात ना त्याला?"

म्हणतात. छान मुलगा आहे. मागच्या महिन्यात आले होते तिघं. इथं गालिच्यावर खेळत होता. उजवीकडून समर म्हणा, लगेच बघतो, हसतो, धावत येतो. डावीकडून म्हणा... बघत नाही. वैभवी म्हणते, हट्टी आहे. अनुपनं दोनदा कान तपासून घेतले. डाव्या कानानं त्याला पान हललेलंसुद्धा ऐकू येतं.

फक्त ते नाव त्या बाजूनं त्याचं नाही.