आढ्यावरचा मानकरी

घर शाकारणारा मेस्त्री निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात, असं आमच्या चिंचेरोत म्हणतात. एक, त्याचं काम उन्हात नाही, पावसात पाहावं. दोन, घरधन्याला नाही, घरधनिणीला विचारावं. मागच्या खेपेला मी दोन्ही विसरले आणि एका गोडबोल्याला काम दिलं. "कौलं आपोआप बसतील, ताई," म्हणाला. बसली खरी. पहिल्या गारपिटीत निम्मी अंगणात येऊन बसली.

तेव्हापासून घर गळायचं, तेही नेमकं एदिलच्या पलंगावर. एदिल माझा मुलगा. खाली जंगलात सोन्याच्या खाणींवर गेला. आधी फोन यायचे, मग तेही थांबले. "पलंग हलव गं," शेजारची बासिलिया सारखी सांगायची. मी नाही हलवला. अवेळी आला पोरगा, तर अंधारात त्याला जागच्या जागी सापडायला नको? गादीवर घमेलं ठेवलं. दिवसभर बसथांब्यावर सूप विकून घरी आले की त्या टपटपीशी बोलत बसायचे. दुसरं होतं कोण बोलायला?

"साइरी मेस्त्रीला बोलाव," बासिलिया म्हणाली. "पीत नाही, बोलत नाही. असला पुरुष छपरावरच शोभतो."

"तुझं घर त्यानेच शाकारलं का?"

"माझं कशाला? माझा नवरा आहे की घरात."

उत्तर विचित्र वाटलं. पण बासिलियाचं बोलणं नेहमी अर्धकच्चंच असतं.

त्याने शाकारलेली घरं पाहायला मी भर पावसात निघाले. आधी पाव भाजणाऱ्या एर्मेलिंदाकडे. आढ्यावर क्रूस, त्याच्या दोन्ही अंगांना मातीचे बैल, पावसाने धुऊन चकाकणारे. कौलं माशाच्या खवल्यांसारखी एकात एक बसलेली. आत थेंब नाही. यीस्टचा आंबूस वास आणि ऊब.

"मानकरी कोण होता?" मी विचारलं. हे विचारतातच. कौलं चढली की क्रूस आणि बैलजोडी वर बांधायला विश्वासातला माणूस लागतो. छपराला उद्या काही झालं, तर लोक त्याच्याच तोंडाकडे बघतात.

"माझा भाऊ," एर्मेलिंदा म्हणाली. "आणि जरा हळू बोल, सातू."

पोरं निजली असतील म्हणून मी आवाज खाली आणला. रस्त्याला लागल्यावर आठवलं, एर्मेलिंदाला पोरंबाळं नाहीत.

मग म्हाताऱ्या आपारिसिओकाकांकडे. घरधनीण नव्हती, म्हणून त्यांनाच विचारलं.

"मानकरीण होती," काका म्हणाले. "आमची रोसेंदा."

मी वर पाहिलं. कौलं अजून लालबुंद होती, शेवाळाचं बोट लागलेलं नव्हतं.

"काका, हे छप्पर कधीचं?"

"यंदाच्या कापणीनंतरचं."

रोसेंदाकाकूंच्या मयताला सूप माझ्याच पातेल्यातलं होतं. त्यालाही आता बराच काळ लोटला होता.

"काका, पण काकू तर—"

"हळू गं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आढ्याकडे पाहिलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

म्हातारपण, मी मनाशी म्हटलं. एकटा माणूस काहीही बोलतो. मी नाही का घमेल्याशी बोलत. चढ चढून अर्ध्यावर आले तेव्हा पायच थांबले. एर्मेलिंदाचा भाऊ. त्याची बस दरीत गेली त्या सकाळी माझ्याकडेच सूप प्यायला होता तो. सुटे नंतर देतो म्हणाला होता.

साइरी मेस्त्री आला. ठेंगणा, पापण्यांवर कौलाची लाल धूळ. वासे ठोकून पाहिले, मग पलंगाशी येऊन थांबला.

"कुणाचा?"

"मुलाचा. खाणीवर गेलाय. येईल."

"हं." त्याने घमेल्यातलं पाणी दाराबाहेर ओतलं आणि ते जिथल्या तिथे ठेवलं. "मानकरी आलाच तर तुम्ही वर बघू नका."

"मी नेमलाय मानकरी. बासिलियाचा नवरा, मेल्कियादेस."

"असू द्या. काही घरांत दुसरं कुणी येत नाही. तिथे शेजाऱ्यालाच चढवतो मी." पायरी उतरता उतरता म्हणाला, "नाही आलं तर चांगलंच, बाई."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला काम दिलं. मेल्कियादेस वर चढला आणि क्रूस बांधून खाली आला, तर माझं पोर कुठेतरी जिवंत आहे. इतकी स्वस्त खबर मला कोण आणून देणार होतं?

क्रूसासाठी लोकरीची दोरी मी स्वतः वळली. गाठ मात्र मारली नाही. मला गाठी उलट्या येतात. शिकवायला कुणी नव्हतं, माझी मीच शिकले. एदिललाही बुटाची नाडी तशीच शिकवली. शाळेत पोरं त्याला हसायची. मोठा झाला तरी तो तशीच बांधायचा.

कामाच्या दिवशी शेजारपाजार जमला. अंगणात रांग लागली, कौलं हातोहात वर चढली. मेल्कियादेसने सकाळपासून चिचा, मक्याची दारू, ढोसली होती. "सातू, तुझ्या छपरावरून पडलो तर बासिलियाला तूच पोस!"

"आत्ता तरी कोण पोसतंय मला?" बासिलिया ओरडली. सगळे हसले. मीही.

ऊन होतं. मग एकाएकी ढग उतरला आणि आढं दिसेना.

मेल्कियादेस नवा क्रूस आणि दोरी घेऊन शिडी चढला. मी पाठ फिरवून सूप ढवळत राहिले. वर कौल वाजलं. पुन्हा वाजलं.

तो खाली आला. क्रूस त्याच्या हातातच होता.

"वर आहे की आधीच बांधलेला," तो म्हणाला. त्याची सगळी उतरली होती. "बैलही बसवलेत. लाल लाकडाचा क्रूस आहे. ओला. असलं लाकूड आपल्याकडे नाही होत, खालच्या जंगलात होतं."

साइरी मेस्त्री हात धूत होता.

"गाठ?" मी विचारलं.

"काय?"

"गाठ कशी आहे, मेल्कियादेस?"

त्याने हवेत बोटं फिरवून दाखवली. उलटी.

मी सगळ्यांना सूप वाढलं. एक वाडगा भरून शिडीपाशी ठेवला.

मी वर पाहिलं नाही.

आता घर गळत नाही. गादी उन्हात घालून पुन्हा पलंगावर पसरली आहे. घमेल्यात बटाटे ठेवते.

परवा भर पावसात एक तरुण बाई आली. पलीकडच्या गावची, नवरा कामाला म्हणून गेलेला, पत्ता नाही. छत्री मिटवून दारात उभी राहिली आणि छपराकडे मान वर करकरून पाहू लागली.

"मेस्त्री भरवशाचा आहे ना, मावशी?"

"एक थेंब आत येत नाही."

"आणि मानकरी कोण होता?"

"माझा मुलगा."

"बरंय बाई, मुलगा जवळ आहे!" ती मोकळेपणाने, मोठ्याने म्हणाली. "असतो कुठे तो?"

"जरा हळू बोल, पोरी," मी म्हणाले.