काट्यावरचा भागवत

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्याचा सर्व्हर चालू करायला गेलो होतो. काम तसं साधं. पण नव्या मशीनवर सॉफ्टवेअरचा परवानाच चढेना. पडद्यावर एकच ओळ: 'हा परवाना दुसऱ्या मशीनवर वापरात आहे.'

बाहेर उसाच्या गाड्या खोळंबलेल्या. शेती अधिकारी विजयसिंह कपाळाला हात लावून म्हणाले, "जुनं मशीन साखराबाईला देऊन टाकलं की हो. तिचा पोरगा भागवत त्याच्यावरच बसायचा. काट्यावरच गेला बिचारा. आठवण म्हणून मागितलं तिनं."

असले परवाने एकाच मशीनच्या हाडामांसाला बांधलेले असतात. जुन्यावरून सोडवल्याशिवाय नव्यावर चढत नाहीत. कंपनीकडून नवा मागवता आला असता, पण तेवढं थांबतो कोण? मी तडक साखराबाईचं घर गाठलं.

भर दुपारीही खोलीत अंधार होता. उदबत्तीचा वास. कोपऱ्यात मशीन घरघरत होतं आणि त्याच्यासमोर रिकामी खुर्ची.

"हळू बोला," साखराबाई कुजबुजली. "कामात हाय त्यो."

मला हसू आलं. पडद्याकडे पाहिलं आणि ते जागीच विरलं. मशीनला वीज सोडून एकही वायर नव्हती. तिकडे काटाही बंद होता. तरी वजनाचे आकडे एकामागून एक उमटत होते...

त्या खुर्चीत बसायचा धीर झाला नाही. उभ्यानंच परवाना सोडवायची कळ दाबली. 'या मशीनवर पुन्हा कधीच चालणार नाही. खात्री आहे?' मी 'हो' दाबलं. घरघर थांबली.

"कावून थांबलं, बाळा? त्यो... त्यो कुटं गेला?"

"लाइटचा घोळ आहे, मावशी. होईल चालू."

धडधडीत खोटं. तिच्या डोळ्यांत बघवेना. संध्याकाळी काटा सुरू झाला, विजयसिंहांनी पाठ थोपटली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"बाळा, भागवत दारातच हुबा हाय. आत ये म्हनलं तर येईना. म्हनतो... बसाया जागा न्हाई."

परवाना आता परत फिरणार नव्हता. हे कोणत्या तोंडानं सांगू तिला?

"मावशी, चूक माझी आहे. त्याला माझ्याकडे पाठवा."

तिनं फोन ठेवला.

काल दवाखान्यात गेलो. अंग जड झालंय हल्ली. नर्सनं वजनाला उभं केलं, आकडा पाहिला आणि मान वर न करताच वैतागून म्हणाली, "अहो, एकेकानं उभं राहा ना."

खोलीत तिच्याशिवाय मी एकटाच होतो.