डाव्या बाजूचे दोन डाग

“इंजिन ते लोक काढूनच घेणार आहेत,” रविराज म्हणाला. पण म्हणाला तो आईकडे बघून नव्हे, तर आपल्या बायकोकडे, तेजस्विनीकडे बघून. “गाडी काचेच्या खोलीत ठेवायची म्हटल्यावर तेल गळायला नको, वास यायला नको. गुरुवारी सकाळी शौकतचाचा येऊन इंजिन उतरवतील, दुपारी हॉटेलवाल्यांचा ट्रक येईल. त्यांना सांग, गाडीत काही जुनी वस्तू राहिली असेल तर काढून घ्यायची.”

त्यांना सांग...!

सुमनताई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. त्याच टेबलाशी, त्याच पोळीच्या डब्याशेजारी. पण अकरा वर्षं झाली, या मुलाच्या तोंडून ‘आई’ हा शब्द आला नव्हता. जेवायला बोलवायचं तर ‘त्यांना बोलाव’, औषध आणलं तर ‘त्यांना दे’. काही कमी केलं नव्हतं हो त्यानं! पिंपळे सौदागरच्या या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली होती, पंखा होता, खिडकी होती. नव्हता तो एक शब्द तेवढा!

“अहो, आईंना एकदा विचारा तरी,” तेजस्विनी हळूच म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? चाकण रस्त्यावरचं एवढं मोठं हॉटेल, आत शिरल्याबरोबर बाबांची गाडी दिसणार, खाली पाटीवर बाबांचं नाव. यापेक्षा मोठा मान कोणता?” आणि ताट सारून तो उठून गेला.

सुमनताईंनी त्याचं ताट उचललं. त्या बोलत नसत. नाहीतर त्यांना सांगायचं होतं, की अरे, ज्या माणसानं जन्मभर ती गाडी पळती ठेवली, त्याची आठवण म्हणून तिचं काळीजच काढून घेणार का तुम्ही?

दुपारी त्या खाली पार्किंगमध्ये गेल्या. तिथे एका खांबाआड राखी ताडपत्रीखाली ती उभी होती. अडुसष्ट सालची फियाट, पिस्त्याच्या रंगाची. चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचललेली, दारांना कुलूप. दसऱ्याला रविराज तिला झेंडूचा हार घाली, विम्याचे कागद दर वर्षी नवे करी. पण तिच्यात कुणाला बसू देत नसे, स्वतःही बसत नसे. देवघरासारखी! सुमनताई रोज एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसत, शेंगा सोलत, वाटाणे सोलत. वॉचमनला वाटे, म्हातारीला वर उकडतं.

त्या ताडपत्रीवर हात ठेवला, की त्यांना तळवड्याचं बैठं घर दिसे, आणि पहाटेपासून बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असलेले ज्योतीराम. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. केसाएवढा फरक नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस! सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एका डॉक्टरांच्या अंगणात सडत पडलेली ही गाडी त्यांनी आणली, आणि शौकतभाई मिस्त्रींना हाताशी घेऊन तीन वर्षं खपून उभी केली. मग दर गुरुवारी, सगळ्या एमआयडीसीला सुट्टी असे तेव्हा, गाडी निघायची ती चिखली, मोशी, डुडुळगाव करत थेट आळंदीला. लोक म्हणत, “उस्ताद, एवढी जुनी गाडी, झाकून ठेवा की!” त्यावर ते हसत. “उभी गाडी आतनं वाळत जाती, राव. माणसागत. तिला आठवड्यातनं एकदा तरी वारं लागाया पायजे.”

आणि मग तो दिवस आला. रविराज तेव्हा बारावीला होता. ग्राइंडरवर काम करताना चष्मा न घातलेल्या ज्योतीरामांच्या उजव्या डोळ्यात कण उडाला. महिन्याभरात त्या डोळ्याची दृष्टी गेली. कंपनीला कळलं असतं तर टूलरूम सुटली असती, स्टोअरमध्ये बसवलं असतं. पण त्या भीतीपेक्षाही त्यांना दुसरीच भीती होती. रात्रभर तळमळून ते म्हणाले होते, “सुमन, पोरगं दोस्तांना सांगतंय, माझ्या बापाची नजर मशिनपेक्षा खरी हाय. त्याला कधी कळू देऊ नको. माझी आण हाय तुला!”

सुमनताईंनी आण घेतली. पुढची सगळी वर्षं ज्योतीरामांनी एका डोळ्यानं आणि बोटांच्या टोकांनी काम केलं, आणि कुणाला कळलं नाही. आणि गुरुवारची गाडी? ती चालवली सुमनताईंनी! चार फूट दहा इंच उंचीची, सातवी शिकलेली ही बाई आळंदीच्या रिकाम्या रस्त्यावर फियाट चालवायला शिकली. पाय पोचेनात, म्हणून ज्योतीरामांनी क्लच-ब्रेकवर बसणारे लाकडी ठोकळे घडवले, वरून टायरची रबरी पट्टी, अंगठा दाबला की चटकन निघणारे. पुढची सीट एकसलग, ती तिच्यासाठी पुढे ओढली, की सहा फुटी ज्योतीराम डावीकडे गुडघे दुमडून बसत आणि म्हणत, “ड्रायव्हरीणबाई, सावकाश.” परत येताना गल्लीच्या आधी लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबे. ठोकळे निघत, सीट मागे जाई, जागा बदलत. आणि गल्लीत शिरताना लोकांना दिसत ते गाडी चालवणारे उस्ताद, आणि शेजारी पदर सावरून बसलेल्या त्यांच्या मंडळी!

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी मात्र जागा बदलायची वेळच आली नाही... मोशीच्या पुढे ज्योतीरामांनी छातीवर हात दाबला. सुमनताईंनी गाडी वळवली, जशी जन्मात कधी चालवली नव्हती तशी पळवली. एका हातानं स्टिअरिंग, दुसरा गिअरवर, आणि त्या गिअरवरच्या हातावर ज्योतीरामांचा गार पडत चाललेला हात. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तेव्हा तो हात सैल झाला होता.

बातमी कळताच धावत आलेल्या रविराजनं पहिला प्रश्न विचारला, “गाडी बाबाच चालवत होते?”

एक क्षण, फक्त एक क्षण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि आण पाळली. “व्हय... तेच चालवत हुते. कळ आल्यावर लोकांनी आणलं हितवर.”

तेराव्याला, घर माणसांनी भरलेलं असताना तो म्हणाला, “अडुसष्टाव्या वर्षी गाडी चालवू देऊ नको, म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं! पण तुला आळंदीला मिरवायचं होतं. तूच त्यांना नेलंस... तूच घालवलंस!”

त्यानंतर तो त्यांना आई म्हणाला नाही.

गुरुवारी सकाळी शौकतभाई आले. सत्तरी ओलांडलेली, मेंदी लावलेली दाढी, बुटकी मूर्ती, हातात तीच पत्र्याची पेटी. त्यांनी आधी गाडीला सलाम केला, मग खुर्चीवर बसलेल्या सुमनताईंना.

“भाभी, वजन कमी झालंय तुमचं.”

“तुमची दाढी मात्र वाढलीय, भावजी.”

“वाढणारच. आमची बेगम म्हणते, कापली तर उरतं काय?” ते हसले, आणि रविराजकडे वळले. “चाकांखालचे ठोकळे काढून गाडी खाली घेतो. मग नवी बॅटरी लावतो, पेट्रोल टाकतो, कार्बोरेटर साफ करतो.”

“चाचा, इंजिन काढायचंय, चालू नाही करायचं.”

“बेटा, माझ्या अब्बांची शिस्त आहे. आवाज ऐकल्याशिवाय कुठलंही इंजिन उतरवायचं नाही. डॉक्टर नाडी बघतो की नाही आधी? पटत नसेल तर दुसरा मिस्त्री बघा.”

रविराजनं घड्याळ पाहिलं आणि बाजूला झाला. दोन तास शौकतभाई खपत होते. सुमनताईंचे हात मांडीवर घट्ट गुंतले होते. एकदा खरखर झाली, विझली. पुन्हा खरखर... पुन्हा शांतता. आणि मग धुराचा एक निळा लोट सोडून ती बोलली! तीच ती धीमी, घरगुती गुरगुर! सुमनताईंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. जणू माणूसच गावाहून परत आला होता.

रविराजही क्षणभर थबकला. “मी... मी बाहेर घेतो उजेडात,” तो म्हणाला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बापाच्या गाडीत बसायला वाकला.

त्याला बसताच येईना. गुडघे स्टिअरिंगला थडकले. त्यानं सीट मागे ढकलली. गंजलेली सीट हलेना.

“चाचा, सीट एवढी पुढे कशी? बाबा तर माझ्याएवढेच उंच होते. तुम्ही ओढलीत का?”

शौकतभाई फडक्यानं हात पुसत राहिले. “मी हात नाही लावला. दवाखान्यातून मीच आणली गाडी, जशी होती तशी. माझी उंची बघ की, मला बरोबर बसली.”

“आणि हे काय?” त्यानं खाली वाकून पेडल चाचपलं. अंगठा दाबला गेला आणि रबरी पट्टी लावलेला लाकडी ठोकळा त्याच्या हातात आला. टूलरूममध्येच वीस वर्षं काढलेल्या रविराजनं ठोकळ्याची ती अंगठ्यानं सुटणारी कडी ओळखली. तशी कडी घडवणारा एकच माणूस त्याला ठाऊक होता. “हे बाबांचं काम आहे. कुणासाठी केलं?”

“भाभी,” शौकतभाई म्हणाले. “अकरा साल झाली. तुम्ही शपथ घातलीत, मी पाळली. आज तरी...”

“न्हाई, भावजी!” सुमनताई खुर्चीतून उठल्या. “न्हाई म्हंते ना!”

रविराज दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग तो उतरला, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, डावीकडचं दार उघडून आत बसला. त्याचे लांब पाय दुमडले. गुडघे समोरच्या पत्र्याला टेकले, आणि टेकले ते नेमके दोन डागांवर! वाटीच्या तोंडाएवढे दोन डाग, रंग घासून आतला पत्रा चकचकीत झालेले. एका दिवसात पडणारे डाग नव्हते ते. वर्षानुवर्षं कुणीतरी उंच माणूस इथे, याच जागी, असाच अवघडून बसला होता...

गाडी गुरगुरत होती.

“आई...”

सुमनताईंनी खांबाला धरलं.

“आई, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?”

शौकतभाईच हलकेच म्हणाले, “एका डोळ्यानं मोशीच्या ट्रकांच्या गर्दीतनं गाडी चालवतात होय, बेटा? तू बारावीला होतास तेव्हाच गेला उस्तादचा उजवा डोळा. तुला कळू नये म्हणून या बाईनं...”

रविराज गाडीतून उतरला तो धडपडतच. “म्हणजे तू त्यांना दवाखान्यात पोचवलंस... एकटीनं! आणि मी तुला... सगळ्यांसमोर मी तुला...” तो फरशीवर बसला आणि आईच्या पायांवर त्यानं कपाळ टेकलं. “मला का नाही सांगितलंस गं? एका डोळ्यानं बाबा लहान झाले असते का माझ्या नजरेत?”

“त्यांना वाटत हुतं तसं,” सुमनताई म्हणाल्या. त्यांचा हात त्याच्या पिकू लागलेल्या केसांवर फिरला. “आन तू माझ्यावर रागावलेला हुतास, तवर तुझा बाप तुझ्या मनात धड हुता. मला तेवढं पुरत हुतं, बाळा.”

“पुरत होतं? अकरा वर्षं एकटी बसलीस इथे!”

“एकटी कुठं? ही हुती की.” आणि त्यांनी फियाटकडे बोट केलं.

तेवढ्यात फाटकाशी भोंगा वाजला. हॉटेलचा ट्रक आला होता. रविराज उठला, डोळे पुसले. “चाचा, इंजिन राहू दे. गाडी कुठेही जाणार नाही... म्हणजे जाणार. आळंदीला जाणार. तुम्ही चालवाल?”

“मी कशाला? सीट कुणाच्या मापाची आहे, ते दिसतंय की!”

“पण चाचा, लायसन...”

सुमनताईंनी कमरेची चंची सोडली. तिच्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला परवाना काढून मुलाच्या हातावर ठेवला. मुदत अजून तीन वर्षं होती. या अकरा वर्षांत दोनदा, देवळात जाते असं सांगून, डॉक्टरचा दाखला घेऊन आरटीओच्या रांगेत उभं राहून त्यांनी तो नवा करून आणला होता. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रविराज त्या छोट्या कार्डाकडे बघत राहिला, आणि आपली आई आपल्याला किती थोडी ठाऊक होती हे त्याला आता कळत होतं.

शौकतभाईंनी चाकांत हवा भरली, ब्रेक दोनदा दाबून पाहिले, सोसायटीच्या आत स्वतः एक फेरी मारली. मग दार उघडून धरलं. “या, ड्रायव्हरीणबाई.”

तो शब्द ऐकून त्या क्षणभर थांबल्या. मग ठोकळा बसवला, पदर खोचला, आणि गिअर टाकला. हातांना सगळं आठवत होतं. डावीकडे रविराज गुडघे दुमडून बसला होता. शौकतभाई पेटी घेऊन मागे. ट्रकवाल्यानं आश्चर्यानं बघत ट्रक मागे घेतला आणि फियाट फाटकाबाहेर पडली. डोळ्याच्या कोपऱ्यातून सुमनताईंना तेच दोन गुडघे दिसत होते, त्याच दोन डागांवर... पण गिअरवरच्या हातावर हात नव्हता. तो आता कधीच नसणार होता. ती जागा उघडीच राहणार होती, मुलगा परत मिळाला तरी.

इंद्रायणीचं दर्शन घेऊन परतताना उन्हं कलली होती. सोसायटीच्या अलीकडे, वळणावर रविराजनं हळूच विचारलं, “आई, बाबा नि तू गल्लीत शिरायच्या आधी जागा बदलायचात, असं चाचा म्हणाले. इथे थांबायचं का?”

सुमनताईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. फाटकाशी तेजस्विनी उभी होती, वॉचमन उभा होता, संध्याकाळची फिरायला निघालेली माणसं होती.

“नगं,” त्या म्हणाल्या. “आता बघू देत लोकांना.”

आणि त्यांनी गाडी आत घेतली.