शिंपीकाकांची डिश

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

दोन वर्षं झाली. रात्र नव्हती, अंधार नव्हता. बुधवार होता, सकाळचे साडेअकरा. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

मी तेव्हा एका प्रयोगशाळेत माणसांच्या जिवंत पेशी वाढवायचे. तान्ह्या बाळासारखं काम. बरोबर सदतीस अंशांच्या कपाटात त्यांना ठेवायचं आणि दिवसाआड खाणं बदलायचं. खाणं म्हणजे एक गुलाबी पाणी. सुट्टी असो, रविवार असो, त्यांना भूक लागतेच.

आमच्याकडे एक शिंपीकाका आले होते. घराण्यात चालत आलेला हृदयाचा आजार होता त्यांना. तपासणीसाठी दंडाच्या कातडीचा कणभर तुकडा काढला, तर हसत म्हणाले, "एवढ्याशा कापडात काय शिवणार गं तू?"

"तुमचं हृदय शिवणार, काका."

थट्टा नव्हती ती. कातडीपासून आम्ही मूळ पेशी बनवतो आणि मूळ पेशींपासून हृदयाच्या. मग एक दिवस डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या छोट्या चपट्या बशीत, त्या आपणहून धडधडायला लागतात.

काकांच्याही लागल्या. अगदी त्यांच्या छातीसारख्या.

तीन ठोके... आणि एक चुकलेला.

काकांना मात्र ते बघायला मिळालं नाही. त्याआधीच ते गेले.

आठ महिन्यांनी काकूंनी आमच्या सरांना फोन केला. "एकदा बघू द्याल का मला?"

सर म्हणाले, "बुधवारी या."

आणि मी...

आधीच्या शुक्रवारी मी कंटाळा केला. रविवारी मावसबहिणीकडे गप्पा छाटत बसले. सोमवारी आल्याबरोबर रजिस्टरमध्ये दोन्ही दिवसांपुढे 'खाणं बदललं' असं लिहून सही ठोकली. मग कपाट उघडलं.

काकांच्या डिशमधलं पाणी पिवळं पडलं होतं. पेशी सुटून वर तरंगत होत्या. एकही हलत नव्हती.

गोठवलेला साठा होता. पण त्यातून पुन्हा धडधडणारी डिश तयार व्हायला महिना लागतो. माझ्याकडे दोन दिवस होते.

तुलनेसाठी आम्हाला निरोगी माणसाच्या पेशीही लागायच्या. त्या माझ्याच होत्या. मीच दिल्या होत्या. त्या दुसऱ्या कपाटात असायच्या आणि त्यांचं खाणं एक सहकारी बदलायची, म्हणून जिवंत होत्या.

माझ्या डिशचं झाकण मी बदललं. नव्या झाकणावर काकांचा नंबर लिहिला. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे आजही आठवतं.

बुधवारी काकू आल्या. इस्त्रीची साडी, हातात रुमाल. सर त्यांना माझ्याकडे सोपवून मीटिंगला गेले. मी माझी डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"इथे डोळा लावा, काकू. दिसतंय?"

त्यांनी वाकून डोळा लावला. मग त्यांचं बोट टेबलावर वाजायला लागलं.

टक... टक... टक...

थांबलं.

टक... टक... टक...

"तेच आहेत," त्या म्हणाल्या. "रात्रभर छातीवर हात ठेवून मोजायचे मी."

त्या बाजूला झाल्यावर मी वाकून बघितलं.

तीन ठोके... आणि एक चुकलेला.

माझ्या पेशींनी असं कधीच केलं नव्हतं.

काकू गेल्या. मी पुन्हा डोळा लावला. आता ठोके सरळ पडत होते, एकही न चुकता. भास असेल, असं म्हणून मी डिश कपाटात ठेवायला वळले.

आणि खोलीतला आवाज गेला.

तिथे दिवसभर पंख्यांची घरघर असते. दिवे चालू होते, पंखे फिरत होते... पण आवाज नव्हता. त्या शांततेत, अगदी पाठीमागे...

कच... कच... कच...

कापडावर कात्री चालावी तसं.

मग थांबलं.

मागे वळले. कुणी नव्हतं. दार बंद होतं.

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शनिवारी काकूंचं घर गाठलं आणि दारातच सगळं सांगून टाकलं. शुक्रवारचं सोडून. तेवढी लाज वाटलीच.

"काकू, त्या रविवारी मी गेलेच नाही. ते... ते मेलं माझ्यामुळे. तुम्हाला दाखवलं ते माझं होतं."

मला वाटलं, त्या दार लावून घेतील. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं.

"रविवारी ना? दुपारी आले होते हे."

"कोण?"

"हे. मी जेवून जरा आडवी झाले होते. तिथे खुर्चीत बसलेले दिसले. म्हणाले, वाढ गं, भूक लागलीय. मी म्हटलं, तिथे कुणी देत नाही का? तर म्हणाले, शुक्रवारपासून कुणी विचारलंच नाही."

शुक्रवारपासून.

माझ्या हातातला पेला खाली पडला. काकूंनी माझं मनगट धरलं. सावरायला धरलं असेल असं मला वाटलं. पण त्यांचा अंगठा नाडीवर होता आणि ओठ हलत होते.

एक... दोन... तीन...

त्या थांबल्या. माझ्याकडे बघून हसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे.

"इथे आहेत होय," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी सरांना सगळं लिहून दिलं. पेशींचं काम माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच झालं. त्या डिशची तपासणी झाली. पेशी माझ्याच निघाल्या, शंभर टक्के निरोगी. माझ्या हृदयाचा आलेखही तीनदा काढून झालाय. डॉक्टर म्हणतात, "काहीही नाही, तुम्ही उगाच घाबरता."

असेल. दिवसा मलाही तसंच वाटतं.

काकू दर रविवारी दुपारी फोन करतात. आवाजात राग नसतो. तो असता तर बरं झालं असतं.

"जेवलीस का गं?"

"हो, काकू."

मग त्या आवाज हळू करतात.

"आणि ते?"

मी डोळे मिटून घेते... आणि पुन्हा हो म्हणते.