सहा माणसं आणि चौदा मिलीमीटर

सुकन्याला आधी त्याचे बूट दिसले. उसाच्या ट्रॉलीखाली उताणी पडून ती बेअरिंगला ग्रीस भरत होती, त्यामुळं आलेलं गिऱ्हाईक तिला पायांवरूनच ओळखावं लागे. हे बूट काळे, चकचकीत आणि बारामतीच्या धुळीत दहा पावलंसुद्धा न चाललेले. त्यांच्या मागं मर्सिडीजचं चाक.

बुटांनी विचारलं, जळोचीकडचं मोठं टायरचं दुकान कुठं आलं?

"चाकं बदलायचीत व्हय?" ती खालूनच म्हणाली. "हायेत ती काय वाईट हायेत? साडेसहा इंची, ऑफसेट अठ्ठेचाळीस. कंपनीनं इचार करून दिलेली असत्यात."

गुडघे वाकले, आणि एक चेहरा आडवा होऊन ट्रॉलीखाली डोकावला. दाट भुवया, कपाळावर घाम... आणि डोळ्यांत भलतंच आश्चर्य.

"न बघता कसं कळलं?"

"बघितलं की. तुमच्या आधी चाकच बघितलं."

तो हसला. जळोचीकडं जायचं राहून गेलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, कारखान्याचा हंगाम जोरात होता तेव्हाची. इंदापूर रस्त्याला गेणूतात्यांचं टायरचं छोटं दुकान होतं. तात्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, उरलेलं पंक्चरी काढण्यात. मोतीबिंदूनं पट्टीवरचे आकडे दिसेनासे झाले तशी मापं लेकीकडं, सुकन्याकडं आली. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. पहिल्यांदा लोक नाकं मुरडायचे, नंतर येताच विचारायला लागले, पोरगी कुठाय?

बूटवाल्याचं नाव रामहरी. पणदऱ्याच्या दादासोंचा मुलगा. त्यांचेही आजे-पणजे मेंढरं राखून होते. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, ट्रक आले, आणि यंदा पुण्याच्या कुणा बिल्डरची वापरलेली मर्सिडीज दारात आली. रामहरीला तिला रुंद अलॉयची चाकं बसवायची होती. साडेसात इंची, ऑफसेट पंचवीस. आकडे त्यानं पुण्याच्या कॅटलॉगातून पाठच केले होते, पण ऑफसेट म्हणजे काय, हे काही त्याला सांगता येईना.

मग सुकन्यानं चहाची बशी उभी धरली. ही चाकाची रुंदी. तिचा बरोबर मध्य इथं, आणि चाक गाडीला टेकतं ती जागा इथं. या दोहोंतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो आकडा कमी केला की चाक बाहेर सरकतं. तुमचं चाक आधीच इंचभर रुंद, म्हणजे अर्धा इंच बाहेर त्यानं, वर ऑफसेटनं तेवीस मिलीमीटर... एकूण पस्तीस. मडगार्डच्या बाहेर डोकावंल.

"डोकावलं पायजेच," तो म्हणाला. "त्यातच तर रुबाब हाय."

"रुबाब हाय खरा. पण टायर कापला की रस्त्यात उभं ऱ्हाऊन रुबाब कुणाला दावणार?"

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी. कधी शंका घेऊन, कधी नुसताच कॅटलॉग घेऊन. दोघांनी मिळून मापं ठरवली: त्याचं रुंद चाक, आणि तिच्या पसंतीचं सात इंची, ऑफसेट चाळीस, जे जेमतेम चौदा मिलीमीटर बाहेर येणार. दोन्हीचं एकेक चाक पुण्याहून नमुन्याला मागवलं. तेवढ्यात रामहरी बऱ्यापैकी शिकला. बशी आता तोच धरायचा, आणि मुद्दाम चुकीच्या जागी बोट ठेवायचा. ती ते बोट उचलून बरोबर जागी ठेवायची. बोटाला ग्रीस लागायचं, पण तो पुसायचा नाही, हे तिनं पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी तिनं सहज विचारलं, एवढी घाई कशाची? तो बशीकडं बघत म्हणाला, गुरुवारी इंदापूरला मुलगी बघायला जायचंय. त्या मुलीच्या भावाच्या गाडीला रुंद चाकं आहेत. घरच्यांना वाटतं, आपलीही असावीत.

"...असं व्हय," सुकन्या म्हणाली आणि वहीत पस्तीसचा आकडा पुन्हा एकदा लिहिला. वाईट वाटलं. सरळ सांगायचं तर फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. चार दिवस कुणी बशी धरली म्हणून आपण काय काय धरून बसलो.

पण काम ते काम. तिनं बजावलं, रिकाम्या गाडीचं माप खोटं. बुधवारी नमुन्याची चाकं येतील. इंदापूरला जितकी माणसं जाणार, तितकी सगळी गाडीत घालून आणा.

बुधवारी गाडी आली ती लग्नाच्या टेम्पोसारखी भरून. चालवायला रामहरी, शेजारी दादासो, मागं रामहरीची आई म्हाळसाबाई, कौसल्याकाकू, झुंबरमामा आणि स्थळ आणणारे गुरुजी. सगळ्यांना खाली उतरवून सुकन्यानं मागच्या एका बाजूला रुंद चाक चढवलं, मडगार्डच्या कडेला गवंड्याचा ओळंबा सोडला आणि म्हणाली, आता एकेक करून बसा, आणि आपापलं वजन सांगा.

"बाईमाणसाला वजन इचारतीस?" म्हाळसाबाईंनी पदर सावरला.

"व्हय आई. खरं सांगितलं न्हाय तर टायर सांगंल."

वजन कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा गेणूतात्या काठी टेकत पुढं आले. डोळे अधू झाले तरी मेंढराच्या पाठीवरून हात फिरवून किलो सांगणारा माणूस तो. माणसांच्या पाठीला हात लावायची गरज पडली नाही, पावलाचा आवाज आणि सीटची कुरकुर पुरली. म्हाळसाबाई चौसष्ट. कौसल्याकाकू अठ्ठावन्न. गुरुजी पन्नास, तेही चपला धरून. दादासो मेंढरांतलेच, त्यांनी प्रत्येक आकड्याला मान डोलावली. शेवटी झुंबरमामा बसले, ब्याण्णव, आणि मडगार्डची कड सावकाश टायरवर टेकली.

हे फक्त सुकन्यानं पाहिलं. ती एकटीच खाली बसलेली. वरून सगळे विचारत होते, झालं का? बसतंय का?

तिनं फटीत पोस्टकार्ड सरकवून बघितलं. जाईना. इंदापूरचा रस्ता तिला माहीत होता. लासुर्ण्याच्या अलीकडच्या खड्ड्यांतच टायर कापला जाणार. उद्या ही माणसं मुलीच्या घरी पोचणार नाहीत. पाहुणे ताटकळतील, रुसतील. आपल्याला खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही, फक्त "तुमच्या मनासारखं" एवढंच म्हणायचं. गिऱ्हाईकानंच मागितलेलं चाक आहे. हातात पोस्टकार्ड तसंच होतं.

मग खिडकीतून म्हाळसाबाईंचा हात बाहेर आला. हातात रेवड्या होत्या. घे गं पोरी, म्हणाल्या, मघापासून उन्हात बसलीस.

"घासतंय," सुकन्या म्हणाली. "हे चाक न्हाय चालायचं."

तिनं सात इंची चढवलं. सहाही माणसं बसून कडेखाली तिचं एक बोट आरामात फिरलं. फोन करून मागवलेली त्या मापाची उरलेली तीन चाकं संध्याकाळच्या गाडीनं आली, तिनं चारही चढवून नट स्वतः आवळले. रामहरी तिच्याकडं बघत उभा होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

गुरुवारी सकाळी गाडी दुकानावरून इंदापूरकडं गेली. रामहरीनं हॉर्न दिला, तिनं मान वर केली नाही. दिवसभरात अकरा पंक्चरी काढल्या, त्यांतली एक दोनदा.

उन्हं कलताना गाडी परत आली आणि दुकानासमोरच थांबली. सगळ्या बिऱ्हाडासकट. रामहरी म्हणाला, मागची चाकं जरा बघता का? ती खाली बसली. तोही शेजारी बसला. गाडीतल्यांना दोघांची डोकी तेवढी दिसत होती.

"कुठंच घासलं न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"मग... ठरलं?"

"न्हाय. पोरगी चांगली हाय, शिकलेली हाय. गुरुजींनी चारदा खुणावलं, काय इचारायचं असंल तर इचार. मला कायबी सुचंना. हितं आलो की रोज सुचतंय." त्यानं टायरवरची धूळ बोटानं पुसली. "येतानाच आईला सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जी पोरगी तोंडावर वजन इचारती ती तोंडावर खरं बोलंल. तिलाच इचार जाऊन."

सुकन्या म्हणाली, "खरं सांगू? काल मी गप बसणार होते. मडगार्ड टेकलेलं मला एकटीलाच दिसत होतं. तुमी इंदापूरला पोचू नये, असं वाटलं."

"मग का बोललात?"

"आई मागं बसल्या होत्या... आन् चालवणार तुमी होता."

तो उठला, पँट झटकली आणि बाकावरच्या गेणूतात्यांपुढं जाऊन उभा राहिला.

"तात्या, सगळ्यांची वजनं सांगितली. सुकन्याचं किती भरंल?"

तात्यांनी लेकीच्या दिशेनं तोंड केलं आणि बराच वेळ घेतला. तिच्या पावलांचा अंदाज त्यांना घ्यायची गरज नव्हती.

"बावन्न," ते म्हणाले. "पर पुढचं तिला इचार."

रामहरी वळला. "आमच्यात एवढं एक माणूस वाढलं तर... बसंल का?"

सुकन्यानं कडेखाली बोट घातलं. एकदा घातलेलं पुरत होतं, तरी दोनदा घातलं.

"मागं न्हाय बसायचं," ती म्हणाली. "मागं एक जरी वाढलं तरी घासंल."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"पुढं बसावं लागंल," ती म्हणाली.

पुढच्या सीटवरून दादासो उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि मेव्हण्याला म्हणाले, "झुंबर, उतर. मी मागं बसतो. तू एष्टीनं ये."

म्हाळसाबाईंनी खिडकीतून सुकन्याला हाक मारली. ये, बसून तरी बघ, माप घ्यायला नको?

"आले," सुकन्या म्हणाली. "आधी हात धुते."